कानांनी निवडलेला कॉम्प्युटर

"म्हणजे गेला शेवटी?" मुलाने फोनवर विचारलं, आणि त्याच्या आवाजात हळहळीपेक्षा सुटकाच जास्त होती. माझे डोळे आता फसवतात, गुडघा तर केव्हाचा फितूर झाला आहे. पण कान पक्के आहेत. उमेदीची सगळी वर्षं त्या कानांनीच मला पोसलं. आवाजातली खोट मला लगेच कळते.

गेला होता तो माझा जुना कॉम्प्युटर. वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि डब्यातून जळका वास सुटला. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं आणि पेशंटच्या नातेवाइकांसमोर डॉक्टर हलवतात तशी मान हलवली. "मदरबोर्डच उडालाय. याचे भाग आता मिळत नाहीत. डिस्क तेवढी वाचली आहे." डिस्क काढून त्याने माझ्या हातावर ठेवली. माझं सगळं काम त्या चपट्या डबीत होतं.

"बरं झालं," मुलगा म्हणाला. "म्हणजे बरं नाही झालं, पण आता तरी थांब. मी तुला टॅब्लेट घेऊन देतो. पडल्या पडल्या वापर. इकडे राहायला आलीस की उशीशी ठेवता येईल."

इकडे म्हणजे त्याच्या घरी. हे 'इकडे' गेलं वर्षभर प्रत्येक फोनमध्ये असायचं. माझा गुडघा, माझे जिने, माझं एकटं राहणं, हे सगळं बोलून झालं की गाडी 'इकडे' येऊन थांबायची. मुलगा वाईट नाही. त्याने माझ्यासाठी खोलीसुद्धा सजवली आहे. मी पाहिली ती. पलंग आहे, कपाट आहे, खिडकीत कुंडी आहे. टेबल नाही. टेबल कुठे ठेवायचं, असं मी विचारलं तेव्हा सूनबाईंनी खरोखरच्या आश्चर्याने विचारलं होतं, "टेबल कशाला हवं, आई?"

टेबल मला कामासाठी हवं. एक संग्रहालय जुन्या कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवतं. बोटीवरचे, कापडगिरणीतले, छापखान्यातले लोक बोलत असतात. कुणाच्या तोंडात दात नसतात, कुणाच्या मागे पंखा घरघरत असतो. ते ऐकून शब्दन् शब्द टाइप करायचा, हे माझं काम. पायाखाली एक पट्टी असते. ती दाबली की आवाज पुढे चालतो, सोडली की थांबतो. दोन्ही हात कळफलकावर, एक पाय पट्टीवर, कान हेडफोनात. हे उशीशी होत नाही.

"टॅब्लेट नको," मी म्हटलं. "मी कॉम्प्युटर करणार आहे."

"घेणार आहेस?"

"करणार आहे. एकेक भाग निवडून घरी जोडणार. म्हणजे पुढच्या वेळी एक भाग गेला की तेवढाच बदलता येईल. एवढ्यातेवढ्यावरून आख्खा मोडीत काढायला नको."

तो हसला. हसायला नको होतं त्याने. "आई, तुला जमलं ना, तर मी पुन्हा घराचा विषय काढणार नाही. रविवारी येतो. तोवर चालू झाला तर तू जिंकलीस. नाही झाला तर बॅग भरायची. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. रागाच्या भरात माणूस काय काय कबूल करतो!

वरच्या मजल्यावर माझी जाऊ राहते. सत्तरी ओलांडली तरी सगळ्या घराण्यात तिचं नाव 'धाकटी'. मी तिला हकीकत सांगितली तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली.

"ताई, राहतं घर पैजेवर लावलंस?"

"लावलं खरं."

"आणि कॉम्प्युटर जोडता येतो तुला?"

"रेडिओ जोडता यायचे."

"मलाही पूर्वी दोरीवरच्या उड्या मारता यायच्या," धाकटी म्हणाली आणि चपला घालायला उठली. ती अशीच आहे. तोंडाने अडवते, पायांनी बरोबर येते.

रेडिओचं सांगायला हवं. लग्नाआधीपासून मी रेडिओच्या कारखान्यात होते. लांबलचक टेबलं, दोन्ही बाजूंना आम्ही बायका, आणि हवेत राळेचा गोडसर धूर. सुरुवातीला तारांना कथलाचा डाग देऊन जोडायच्या कामावर होते, मग मला शेवटच्या टेबलावर बसवलं. त्याला सगळे कान-टेबल म्हणत. तयार झालेला प्रत्येक रेडिओ तिथे यायचा आणि आम्ही तो ऐकायचो. नवीन आलेल्या मुली लगेच गाणं लावायच्या. तेव्हा आमची मुकादमीण, जिला आम्ही पाठीमागे 'फौजदार' म्हणायचो, टेबलावर पट्टी आपटायची. "गाण्यावर कुठलाही रेडिओ बराच वाजतो गं बयांनो! जिथे काहीच लागत नाही तिथे काटा आणा." दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी काटा ठेवायचा आणि त्या नुसत्या खरखरीत कान घालायचा. सैल डाग, तडकलेला भाग, हलका ट्रान्सफॉर्मर, सगळं तिथे चुगली करायचं. घरी गेल्यावरही आमच्या कानांतून ती खरखर जायची नाही. सासूबाई म्हणायच्या, नवी सून बोलते कमी आणि ऐकते जास्त. पहिल्या वर्षानंतर त्यांनी हे म्हणणं सोडलं.

दुकान चिंचोळं होतं. छतापर्यंत खोके, काउंटरवर काच, आणि भिंतीवर लाल-निळे दिवे फेकणारे पंखे जत्रेतल्या पाळण्यासारखे फिरत होते. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ढकललेला.

"बोला आजी. नातवाला काय हवंय?"

"नातवाला काय हवंय ते नातू सांगेल. मला कॉम्प्युटर हवाय. सुटे भाग. आणि बिनआवाजाचे."

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "बिनआवाजाचे म्हणजे?"

"म्हणजे मी टेपवरचं बोलणं ऐकत असताना यंत्राने मधे बोलायचं नाही. आधी ते गाणं बंद करा बघू."

त्याने दुकानातलं गाणं बंद केलं. मग मी एकेक पंखा चालवून दाखवायला लावला. पहिल्याची घूं घूं दारापर्यंत येत होती. दुसरा गोड होता, पण कानाजवळ नेल्यावर आत बारीकशी टिक टिक होती. बेअरिंगला वाळूचा कण लागल्यासारखी. तिसरा मोठा आणि संथ होता. नुसता वारा. दोन स्टेशनांच्या मधली जागासुद्धा त्याच्यापेक्षा जास्त बोलायची.

"हा," मी म्हटलं.

"याला दिवे नाहीत पण," दुकानदार म्हणाला.

"माझ्या घरी आहेत दिवे."

पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन सगळ्या भागांना वाटून देणारा डबा, मी हातात तोलून घेतला. वजनदार होता. मग तो जोडून दाखवा म्हटलं, तर त्याचा पंखा फिरेचना. "हा नापास," मी जाहीर केलं. "मेलेला आहे."

"नाही हो मावशी. हा गरम झाल्याशिवाय फिरत नाही. म्हणून तर बिनआवाजाचा."

"अशी माणसं का नाही मिळत?" धाकटी पुटपुटली.

मदरबोर्ड निवडताना दुकानदाराने मला पुष्कळ समजावलं, आणि बरंचसं खरंच कामाचं होतं. रॅमच्या पट्ट्या जोडीने घ्या म्हणाला, घेतल्या. पेटी घेतली ती जाड पत्र्याची, आतून काळा स्पंज लावलेली. बोटाने टिचकी मारली तर 'ठण्' न म्हणता 'ढप्' म्हणत होती. बोर्डाला लावायचा मण्याएवढा भोंगाही मागून घेतला. हल्ली कुणी मागत नाही, असं म्हणत त्याने तो खणाच्या तळातून शोधून दिला. आजारी पडल्यावर यंत्राने तोंड उघडून सांगावं, एवढी माझी अपेक्षा.

मग प्रोसेसर आला. त्याने दोन खोकी काचेवर ठेवली. दोन्ही सारखीच दिसत होती.

"मावशी, यातल्या एकात ग्राफिक्स आतच आहे. दुसऱ्यात नाही. तर तुम्हाला..."

"ग्राफिक्स म्हणजे ते गेम खेळायला?"

"गेमला लागतंच, पण तसं..."

"नको, नको. गेमचं काही नको मला. दिवे नको, गेम नको. साधं द्या."

"तसं नाही, स्क्रीनला..."

"स्क्रीन आहे माझ्याकडे घरी. चांगला आहे. साधं द्या म्हटलं ना!"

त्याने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने, हिच्यापुढे माझं चालत नाही तर तुमचं काय चालणार, अशी मान हलवली. त्याने साधं दिलं.

आम्ही माझ्या टेबलावर चादर अंथरली आणि खिडक्या उघडल्या. धाकटी भिंग घेऊन पुस्तिका वाचत होती, मी हात चालवत होते. किती वर्षांनी! पेचकस बोटांत आला आणि बोटांना सगळं आठवलं. प्रोसेसर बसवताना मात्र मी अडले. तो बसवून वरची कळ दाबायची, तर ती एवढा जोर मागत होती की आता काहीतरी तुटणार असं वाटत होतं.

"पुस्तकात काय लिहिलंय?"

"लिहिलंय, घाबरू नका."

"असं लिहिलंय?"

"नाही. पण लिहायला हवं होतं."

मी कळ दाबली. करकरली आणि बसली. रॅमच्या पट्ट्या कट् कट् करत खाचेत गेल्या. त्या आवाजाने मला इतकं बरं वाटलं की एक पट्टी काढून पुन्हा बसवली. पंख्याच्या बुडाला लावायचं, उष्णता ओढून घेणारं करड्या रंगाचं मलम धाकटीने नको तितकं पिळलं आणि मग दोघी ते कागदाने पुसत बसलो. मला आमच्या कान-टेबलावरच्या बायका आठवत होत्या. त्यातल्या बहुतेक आता नाहीत. एक होती, ती डाग देताना तोंडाने सतत कुणाला तरी शिव्या द्यायची. म्हणायची, त्याशिवाय कथील वितळत नाही. मी धाकटीला हे सांगितलं, तर तिने लगेच घराण्यातल्या दोन-तीन दिवंगतांची नावं घेऊन सुरुवात केली. शेवटची तार बसेपर्यंत आम्ही हसून हसून दमलो होतो.

जुनी डिस्क जोडली. स्क्रीनची तार जोडली. बटण दाबलं.

पंखा फिरला. कान लावल्याशिवाय कळत नव्हतं, इतका शांत. आणि स्क्रीन काळा.

"गरम व्हायची वाट बघत असेल," धाकटी म्हणाली.

तेवढ्यात तो मण्याएवढा भोंगा बोलला. एक लांब हाक आणि मागून तोकडे ठिपके. थांबला. पुन्हा तेच. मी पुस्तिका ओढून घेतली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत भोंग्याच्या बोलीचा अर्थ दिलेला होता. धाकटीने भिंग धरलं, मी वाचलं. यंत्राचं म्हणणं साधं होतं : बाकी सगळं ठीक आहे, पण स्क्रीनवर दाखवायचं ते काढणारा भाग माझ्यात कुठेच नाही.

मी दुकानदाराला फोन केला. तो बिचारा एवढंच म्हणाला, "मावशी, मी सांगत होतो." ग्राफिक्स गेमलाच लागतं असं नाही, साधं एक अक्षर स्क्रीनवर उमटवायचं तरी ते लागतं. आता वेगळं कार्ड बसवायला हवं. आणि तो दुकान बंद करून निघालेला होता.

मी खुर्चीत बसून राहिले. पंखा ऐकून निवडला, पेटी टिचकी मारून निवडली, सगळं कानाने पारखलं आणि डोळ्यांना काय दिसणार याचा विचारच केला नाही. कारखान्यात आमच्या हातांखालून गेलेल्या एकाही वस्तूला स्क्रीन नव्हता ना! आणि एक माणूस सांगत होता, त्याला मी बोलूच दिलं नाही.

"रविवार उद्या आहे," धाकटी म्हणाली.

"ठाऊक आहे."

"त्याला सांग, लागला होता, आत्ताच बंद केला. पंखा फिरतोच आहे."

"मी खोटं बोलणार नाही."

"मग पोटात दुखतंय म्हण. पोटातलं कुणाला दिसतं?"

"धाकटे, तू घरी जा."

मुलगा सकाळीच आला. चपला काढता काढता त्याने टेबलाकडे पाहिलं. "लागला?"

"नाही."

"मग?"

"मग काय? हरले."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. खरंच मायेने ठेवला. "जाऊ दे गं. तू एवढं जोडलंस हेच खूप आहे. मी बॅग काढतो वरून."

"बॅगेला हात लावू नकोस. हरले म्हटलं मी. येते म्हटलं नाही."

तो थांबला. "आई, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडते आहे."

"असं कसं? लहानपणी तू मला काय सांगायचीस? दिलेला शब्द..."

"बरोबरच सांगायचे. तू पाळत जा."

एव्हाना धाकटी जिना उतरून दारात आलेली होतीच. तिला हसू आवरेना. मुलाचा चेहरा लाल झाला. "काकू, तुम्ही तरी सांगा हिला."

"मी काल सांगितलं पोटात दुखतंय म्हण, ते ऐकलं नाही. आज काय ऐकणार?"

मी त्याला समोर बसवलं. "हे बघ. ती पैजच मूर्खपणाची होती. तू लावलीस, मी घेतली, दोघंही चिडलो होतो. हा डबा सुरू झाला असता म्हणून मी इथे राहणार होते असं नाही, आणि सुरू झाला नाही म्हणून जाणार असंही नाही. मला इथे राहायचं आहे. माझं टेबल इथे आहे, काम इथे आहे, ही भवानी वर आहे. उद्या मला दुसरं काही वाटलं तर मी सांगेन. मी सांगेन, कॉम्प्युटर नाही."

"आणि पडलीस तर?"

"तर पडेन. हाक मारेन."

"हिची हाक ऐकू न येणारा माणूस अजून जन्मायचाय," धाकटी म्हणाली.

तो हसला नाही. खाली बघत म्हणाला, "तुझा फोन आला नाही ना, की मला झोप लागत नाही. तुला वाटतं मी उगाच मागे लागतो."

हे त्याने आधी कधी सांगितलं नव्हतं. माझा आवाज जरा खाली आला. "झोपेवर काहीतरी काढू. रोज फोन करेन, हवं तर दोनदा. पण त्यावरचं औषध म्हणून मला तुझ्या त्या खोलीत नेऊन ठेवू नकोस."

तो उठला आणि जिना उतरून गेला. धाकटीने खिडकीकडे पाहिलं. "गेला?"

मी कान देऊन ऐकत होते. गाडीचं दार उघडलं, लागलं. इंजिन मात्र सुरू झालं नाही. बराच वेळ काहीच आवाज नाही. मग पुन्हा दार, आणि जिन्यावर त्याचे जड पाय. दारात उभा राहून, भिंतीकडे बघत त्याने विचारलं, "दुकान रविवारी उघडं असतं का?"

"दुपारपर्यंत."

"आणि तू जाणार कशी? हा गुडघा घेऊन?"

"गुडघा घेऊनच. तो काढून ठेवता येत नाही."

"चल," तो म्हणाला. "पण माझं म्हणणं बदललेलं नाही."

"नको बदलूस. चावी घे."

दुकानात त्याचा हात लगेच सगळ्यात दांडग्या, तीन पंख्यांच्या कार्डाकडे गेला. आईला द्यायचं तर चांगलं द्यावं, हा त्याचा स्वभाव. मी दुकानदाराला म्हटलं, "आज तुम्ही बोला. मी तोंड उघडणार नाही." तो चपापला. मग त्याने खालच्या फळीवरून एक छोटं कार्ड काढलं. पंखा नावाला नाही. नुसती पत्र्याची पातळ पानं, कंगव्यासारखी. त्यांतून उष्णता आपोआप निघून जाते म्हणाला. मी ते कानाजवळ नेलं. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"सवयीने," मी म्हटलं. "हे द्या."

"एक मिनिट," मुलगा म्हणाला. "आई, तुझ्या स्क्रीनची तार कुठली आहे? जुनी, स्क्रूवाली ना?"

"हो."

"मग यात ती बसणार नाही." त्याने कार्डाच्या पाठीवरची भोकं दाखवली. खरंच होतं. त्याचं लक्ष गेलं नसतं तर मी दुसऱ्यांदा हात हलवत घरी आले असते. दुकानदाराने मधे लावायचा तुकडा दिला.

घरी कार्ड मी बसवलं. मुलाने टॉर्च धरला आणि उगाचच श्वास रोखून धरला. खाचेत कट् झालं. स्क्रू लावला, तार लावली, बटण दाबलं. भोंग्याने एकदाच हलकेच खाकरल्यासारखं केलं, आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं भरभर उतरू लागली. मग जुनी डिस्क जागी झाली. संग्रहालयाच्या फाइली, माझ्या खुणा, सगळं जिथल्या तिथे. धाकटीने माझ्या पाठीवर असा धपाटा घातला की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

मुलगा स्क्रीनकडे बघत होता. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्याने ते दाबलं. "तरी तू पैज हरलीसच," तो म्हणाला. "सकाळी लागलेला नव्हता."

"नव्हता."

"म्हणजे मी हा विषय पुन्हा काढू शकतो."

"खुशाल काढ. दर रविवारी काढ. येताना मात्र मोकळ्या हाताने ये, बॅग न्यायची नाहीये." मी खुर्ची पुढे ओढली, पायाने पट्टी चाचपली आणि हेडफोन मानेवर घेतला. तुंबलेल्या कामांची मोठी रांग होती; एक म्हातारा छापखानेवाला आठवडाभर माझ्यासाठी तोंड उघडून थांबला होता.

"आता काय करते आहेस?" मुलाने विचारलं.

"काम. काकूंकडे चहा घे, माझी वाट बघू नकोस. आणि जाताना दार ओढून घे. बाहेरचा आवाज येतो."